पाच गाठींचा हिरवा दोरा

भेटल्यावर माणसं एकमेकांना ‘काय चाललंय?’ विचारतात. आमचे सर ‘काय बंद केलंय?’ विचारायचे. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्यांनी मला हे विचारलं तेव्हा मी गडबडून ‘चहा’ म्हणाले. त्या महिन्यात मी खरंच चहा सोडला होता. सर एकदम खूश झाले.

“किती दिस झालं? डोकं दुखतंय का अजून?”

त्यांनी ते हजेरीपटाच्या कडेला टिपून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात आठवणीनं परत विचारलं. माझं नाव मात्र त्यांना दिवाळीपर्यंत पाठ झालं नाही. तोवर मी ‘चहावाली’ होते.

सर आम्हाला फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचे, म्हणजे औषध पोटात गेल्यावर पुढं काय काय करतं ते. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले. शिकून मोठे झाले, पण बोली गावाकडचीच ठेवली. प्राचार्यांनी एकदा सुचवलं, की वर्गात जरा शुद्ध बोलत जा. सर म्हणाले, “लिव्हरला कुटं शुद्ध मराठी कळतंय?” त्यांच्या खुर्चीवर बारा महिने काळं घोंगडं असायचं. सोलापूरच्या मे महिन्यात, पंखासुद्धा गरम वारा फेकत असताना, सर घोंगड्यावर बसून घाम पुसत शिकवायचे. एकदा कॉलेजची तपासणी होती म्हणून शिपायानं ते घोंगडं उचलून कपाटात टाकलं. सर दिवसभर उभे राहिले. तपासणीवाल्यांना वाटलं, काय कष्टाळू माणूस आहे.

शिकवणं असं होतं, की अजून कानात आहे. औषध बंद केल्यावर अंगातून किती दिवसांनी जातं, हे पुस्तकात चार पानांत आहे. सरांनी ते आमच्या नळावर आणून ठेवलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

“म्हापालिका पानी बंद करती, म्हणून तुमी त्या दिशी आंघोळ सोडता का? टाकीत असतंय की! मग गोळी बंद केली म्हंजे औषध गेलं, हे तुमाला कुनी सांगितलं?”

आणि मग त्यांचा आवडता विषय यायचा, डिप्रेशनची औषधं आणि त्यांच्या लेकी. काही औषधं लिव्हरमधून जाताना बदलतात, पण बदलून निकामी होत नाहीत. जे नवीन तयार होतं तेही काम करत राहतं. पुस्तकात त्याला ‘ॲक्टिव्ह मेटाबोलाइट’ म्हणतात. सर लेक म्हणायचे.

“अमिट्रिप्टिलिनची लेक नॉरट्रिप्टिलिन. एवडी कर्तबगार निगाली की कंपन्यांनी तिचं येगळं दुकान काडून दिलं. सर्ट्रालिनला बी लेक हाय, पर नावाला. कामाचा कंटाळा लई. आन फ्लुओक्सेटिन? बाप तसा बी लवकर हलत न्हाय. पर लेक, नॉरफ्लुओक्सेटिन! बाप गेला तरी ती घर सोडत न्हाय. पाच-पाच आठवडे. बापाचा सगळा धंदा एकटी चालवती. आन भायेरनं तिच्याशी न पटणारं कुनी घरात आलं, तर घर जाळती.”

पोरं हसायची. मी त्या दिवशी हसले नाही. तास संपल्यावर मी सरांच्या टेबलापाशी घुटमळले आणि विचारलं, की पाच आठवडे म्हणजे नक्की पाच का, कमी-जास्त होतं का.

सर डबा उघडत होते. भाकरी आणि शेंगाचटणी, रोज तेच. त्यांनी मान वर केली नाही.

“घरात कोन घेतंय?”

“कुणी नाही सर. सहज.”

“सहज कुनी नॉरफ्लुओक्सेटिन इचारत न्हाय.” त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. “खा.” खाता खाता मी सगळं सांगून टाकलं.

घेत होती माझी आई. आमचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात. वडील लूमवर, आई घरी विड्या वळायची. आईला दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, काही नव्हतं. भिजवलेली पानं सुपात तशीच वाळून जायची आणि आई सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची, हात नुसते पानांवर ठेवून. मी तिला लपवून डॉक्टरांकडे नेलं. लपवून, कारण माझं लग्न आत्याच्या मुलाशी ठरल्यात जमा होतं आणि आत्या आमच्याच गल्लीत राहायची. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देणं नवीन नाही. पण ‘आईला डोक्याची गोळी चालू आहे’ हे आत्याला कळलं असतं, तर बोलणी तिथंच थांबली असती असं मला वाटायचं. वडिलांनीही मला तेच सांगितलं, हळू आवाजात. गोळीनं आई सुधारली, चांगली वळायला लागली. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, आता बंद करून बघू. ती गोळी म्हणजे फ्लुओक्सेटिन.

पुढच्या सोमवारी सर स्कूटर घेऊन आमच्या दारात. मी घाबरलेच. आईनं चहा टाकला. सरांनी खिशातून हिरव्या सुताची गुंडी काढली. टॉवेलच्या कारखान्यात उरलेलं सूत असतं ना, तसलं. आईच्या मनगटावर दोरा बांधला, एक टोक बोटभर लोंबतं ठेवलं आणि त्याला पाच गाठी मारल्या. दर सोमवारी एक गाठ कापायची. शेवटची कापली की दोरा काढून टाकायचा. दोरा हातावर आहे तोवर कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी आधी दोरा दाखवायचा आणि सांगायचं, अमुक गोळी बंद केली आहे.

“कुठल्या देवाचा?” आईनं विचारलं.

“लिव्हरदेवाचा,” सर म्हणाले. “कडक देव हाय. पाळावं लागतं.”

आईला हसू आलं. मी सरांना हळूच म्हणाले, की शेजारचे विचारतील. सर म्हणाले, “सोलापुरात मनगटाला कोन कशाचा दोरा बांधतंय, कोन इचारतंय गं? कुनी देवीचा, कुनी दर्ग्याचा. तुजी आय त्यातच खपून जाईल.”

नंतर कळलं, असे दोरे सरांनी गावभर बांधले होते. कॉलेजातल्या शिपायाला, एका भाजीवालीला, आमच्याच प्राचार्यांना. प्राचार्यांच्या दोऱ्याचं आम्हाला फार उशिरा समजलं. गोळी घेणाऱ्याला सर कधी ‘कशाला घेता’ विचारायचे नाहीत. चष्म्याला कुणी विचारतं का, म्हणायचे. डॉक्टरांना न विचारता बंद करणाऱ्यावर मात्र असे चिडायचे, की स्कूटरवर मागं बसवून त्याला परत डॉक्टरांकडे नेऊन सोडायचे. एका लूममालकाला त्यांनी असं भर बाजारातून नेलं होतं.

आईच्या तीन गाठी कापून झाल्या, दोन राहिल्या. आणि तिच्या पायाला खिळा लागला. आईला शुगर, त्यात तिनं चार दिवस हळद लावून अंगावर काढलं. पाय टम्म सुजला. एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. पू काढावा लागेल म्हणाले. वडिलांची पाळी होती म्हणून आत्या माझ्याबरोबर आली.

फॉर्म भरायला घेतला तेव्हा आत्या खाटेशेजारी उभी होती. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी विचारलं, “सध्या कुठली औषधं चालू आहेत?”

“शुगरची,” मी म्हणाले. “बाकी काही नाही.”

सध्या काही नव्हतंच की. त्या एका शब्दाच्या आड मी लपले. मला सगळं माहीत होतं. घरातली शिकलेली मी, लेकीचं नावगाव पाठ असलेली मी. आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तरी मी लपले.

आत नेण्यापूर्वी सिस्टरनं आईच्या हातातले सगळे दोरे कापले. नियमच असतो तो. देवीचा काळा, कुठल्याशा जत्रेतला लाल आणि आमचा हिरवा, सगळे एका ट्रेमध्ये पडले. आत्या सिस्टरला म्हणाली, “देवीचा कापू नका की, तिचा नवस हाय.” सिस्टरला ऐकायला वेळ नव्हता. मी हिरव्याबद्दल काही बोलले नाही.

पू निघाला, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू झालं, ताप उतरला, सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई थरथरायला लागली. आधी वाटलं थंडी वाजतेय. मग घामानं चादर भिजली. डोळे मोठे झालेले, काहीबाही बडबड, पाय आपोआप उडत होते. अंग चटका बसावा इतकं तापलं. आत्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि तेलुगूत म्हणाली, “देवी कोपली. मी सांगत होते, दोरा कापू नका.” शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिथूनच हात जोडले. डॉक्टर आले, त्यांना वाटलं पायातलं विष रक्तात पसरतंय. तेच अँटिबायोटिक पुढं चालू ठेवायचं, जोडीला आणखी एक लावायचं, असं ते सिस्टरला सांगत होते.

मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. वर्ग चालू होता, मागं पोरांचा आवाज येत होता.

“काय बंद केलं?” सर म्हणाले. फोनवरही तेच.

“सर, आईचा दोरा कापला. सिस्टरनं.”

“किती गाठी हुत्या?”

“दोन.”

“सलाईनमदनं काय चाललंय?”

“लिनेझोलिड.”

सरांनी तिथूनच वर्ग सोडून दिला.  मग म्हणाले, “लेकीशी न पटणारं त्येच हाय ते. निगालो मी. तू आदी डॉक्टरला सांग. पळ.”

मी पळाले. खोलीच्या दारापर्यंत पळाले. आत आत्या आईचे पाय दाबून धरत होती. डॉक्टर दोनदा माझ्या अंगावरून गेले, दोनदा मी तोंड उघडलं आणि मिटलं. सर येऊन सांगतील, त्यांचं बोलणं डॉक्टर ऐकतील, असं मी स्वतःला सांगत होते. ती पंधरा-वीस मिनिटं मी आयुष्यात कुणालाही सांगितली नाहीत. आईलाही नाही. आज लिहितेय.

सर आले ते बोटांना खडू तसाच. माझ्याकडे बघूनच त्यांना समजलं. रागावले नाहीत. ते सरळ डॉक्टरांपाशी गेले, त्यांचा हात धरून त्यांना माझ्यापुढं आणून उभं केलं आणि म्हणाले, “ह्या पोरीला काय तरी सांगायचं हाय.” आणि बाजूला झाले.

मग मी बोलले. आत्यासमोर, शेजारच्या खाटेसमोर, सगळ्यांसमोर. आईला डिप्रेशन होतं, वर्षभर फ्लुओक्सेटिन चालू होतं, तीन आठवड्यांपूर्वी बंद केलं, काल मी सांगितलं नाही. आवाज फार मोठा निघाला. 

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग आईचा बरा पाय हातात घेतला आणि पाऊल झटकन वर दाबून धरलं. पाऊल त्यांच्या हातात आपोआप धडधड उडायला लागलं. “हे जंतूंचं नाही, दोन औषधांच्या भांडणाचं आहे. सिस्टर, ती बाटली बंद करा. आधी बंद करा,” ते म्हणाले. दुसरं अँटिबायोटिक आलं, झोपेचं इंजेक्शन आलं, बर्फ आला. आत्याच ओले कपडे पिळून देत होती.  संध्याकाळपर्यंत पायांचं उडणं कमी झालं, आणि दुसऱ्या दिवशी आईनं डोळे उघडून विचारलं, घरी विड्यांची पानं भिजत घातली होती त्यांचं काय झालं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

सर रोज येत होते. आई शुद्धीवर आल्याचं बघितल्यावर त्यांनी खिशातून गुंडी काढली, हिरवा दोरा परत बांधला आणि मोजून दोन गाठी मारल्या. आत्या कडेला उभी होती. ती त्यांना म्हणाली, “मी म्हणलेलं ना, दोरा कापला म्हणूनच झालं सगळं.”

“खरं हाय तुमचं, आक्का,” सर अगदी मनापासून म्हणाले. “दोरा कापला म्हणूनच झालं.”

माझं लग्न मोडलं नाही. चार महिने पुढं गेलं, आणि त्या चार महिन्यांत आत्या आमच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही. ती आता माझी सासू आहे. तेव्हा कशाला लपवलंस म्हणून अजून टोमणा मारते. लपवलं नसतं तर काय केलं असतं, ते मात्र सांगत नाही.

शेवटची गाठ कापायच्या सोमवारी सर घरी आले. आईचा पाय उशीवर होता. आई म्हणाली, “राहू दे सर हा दोरा. ह्यानं मला वाचवलं.”

“न्हाय. दिस भरला की कापायचा. उगं ठिवला तर पुढच्याला दोऱ्याचा भरवसा ऱ्हात न्हाय.” त्यांनी कात्रीनं दोरा कापला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

आईनं सहज विचारलं, की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मला वाटलं, सर लिव्हरदेवाची काहीतरी गंमत सांगतील. सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

“आमचे वडील. निरक्षर मानूस. मेंढराला औषध पाजलं की ढोराचा डॉक्टर सांगायचा, एवडे दिस हिचं दूद न्हाय, मटन न्हाय. वडलांना तारीख कळायची न्हाय. मग मेंढराच्या गळ्यात चिंदी, चिंदीला दिसाच्या गाठी. रोज सकाळी एक गाठ कमी. शंभर मेंढरात कुनाचं औषध कदी संपतंय, आंदळ्यालाबी कळावं.” ते थांबले. “माजा थोरला भाऊ मेंढरं घिऊन भीमेकडं गेला हुता. त्याला हीच गोळी हुती. मीच आनलं हुतं त्याला डॉक्टरकडं. बरं वाटाया लागलं, यानं बंद केली. तिकडं पायाला जखम झाली, तितल्या डॉक्टरनं काय लावलं, कुनाला ठावं. अशीच थरथर. लोक म्हनले, वारं शिरलं. दोन दिसांत गेला. कशानं गेला, कागदावर न्हाय. पर मला कळलं.”

आईनं चहाची बशी परत त्यांच्यापुढं सरकवली. 

“तवा मी मास्तर झालो हुतो,” सर म्हणाले. “हेच शिकवत हुतो. लेक मागं ऱ्हाती, लेक मागं ऱ्हाती. मेंढराला दोरा बांदायचं ल्हानपनापासनं ठावं. भावाला बांदाया सुचलं न्हाय.”

मग ते उठले, स्कूटरला किक मारली आणि गेले. बशीतला चहा तसाच होता.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. सर निवृत्त होऊन गावी गेले. मी एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. ऑपरेशनआधी पेशंटला औषधांची माहिती विचारणं हे माझं काम. आमच्या फॉर्मवर ‘सध्याची औषधं’ याच्या खाली मी हट्टानं आणखी एक ओळ छापून घेतली आहे: गेल्या पाच आठवड्यांत काय बंद केलं?

मागच्या हिवाळ्यात त्या फॉर्मवर सरांचं नाव आलं. हर्नियाचं ऑपरेशन. खाटेवर सर, वाळलेले, पण डोळे तेच. शेजारी त्यांचा पुण्याहून आलेला मुलगा, मोबाईलमध्ये मान घालून. “चहावाली!” सर ओरडले. फार आनंद झाला त्यांना. मलाही. मी मुद्दाम त्यांच्याच सुरात विचारलं, “काय बंद केलंय?”

सरांनी मुलाकडे बघितलं. मग खिडकीकडे. “काय न्हाय. बीपीची तेवडी चालू हाय. लिही.”

मी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. सर जन्मभर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत आले. आज पूर्ण बाह्या होत्या, बटण लावलेलं. उजव्या बाहीच्या कडेतून बोटभर हिरवं सूत लोंबत होतं. चार गाठी.

“सर, हे काय?”

“शिद्धेश्वराचा.”

सिद्धेश्वराचे दोरे मी लहानपणापासून बघतेय. त्यांना गाठी मोजून मारलेल्या नसतात. अख्ख्या गावाला न लाजायला शिकवणारा माणूस मुलापुढं बाही ओढून बसला होता. मला हसू आलं नाही. मला दवाखान्याचं ते दार आठवलं, जिथं मी वीस मिनिटं उभी होते. मी सरांना काही म्हणाले नाही. त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमच्या वडिलांना काहीतरी सांगायचं आहे,” मी म्हणाले, आणि बाजूला झाले.

मुलानं मोबाईल खाली ठेवला. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं नापास होणारं पोरगं परीक्षकाकडे बघतं. मग हळूहळू बाहीचं बटण काढलं.

“फ्लुओक्सेटिन,” ते म्हणाले. “वीसची. आठ दिस झालं बंद करून.”

“कशाची गोळी ती आण्णा? कधीपासून घेताय?” मुलगा म्हणाला.

मी फॉर्मवर औषधाचं नाव लिहिलं, आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरांत, सिस्टरला दिसेल असं, की मनगटावरचा हिरवा दोरा कापू नये. सर खाटेवर थोडे सरकले आणि मुलासाठी जागा केली.

“बस हितं,” ते म्हणाले. “आदी तुज्या थोरल्या चुलत्याचं सांगतो.”